यंदाचं वाण आभाळातनं

माझ्या बायकोनं एका वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून काय दिलं, हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडं बघतो आणि मग हळूच विचारतो, घरात कोण कोण असतं? म्हणजे त्याला वाटतं, बायको गेल्यापासून म्हातारा भरकटलाय, कुणीतरी लक्ष द्यायला पाहिजे. माझे गुडघे गेलेत. डोकं जाग्यावर आहे.

बाकीच्या बायका वाण म्हणून काय देतात? प्लास्टिकची वाटी, चहाची गाळणी, कंगवा, फारच झालं तर स्टीलची डबी. माझ्या बायकोनं आभाळातनं येणारे कण दिले. पृथ्वीच्या बाहेर जे कण विजेचा भार घेऊन बंदुकीच्या गोळीसारखे फिरत असतात, त्यांच्यातले. शिवाजी पेठेत, आमच्या पुढच्या खोलीत, बायकांना दाखवून दिले. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कोअर शॉपला होतो. वाळूचे साचे करायचं काम. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत नुसता बसलो होतो. घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि माझी वैनी. थोरला भाऊ आदल्या वर्षी गेला होता. माडीवर एक खोली होती, तिथं कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम भाड्यानं राहायच्या. सोलापूरकडच्या. जेवण आमच्यातच.

वैनीचं आधी सांगतो, कारण हे सगळं तिच्यासाठी झालं. वैनीचा आवाज असा, की पेठेच्या टीमची फुटबॉलची मॅच असली की ती गच्चीवरनं रेडिओ ऐकत ओरडायची आणि खाली गल्लीत लोकांना गोल झाल्याचं तिच्याकडनं कळायचं. हळदीकुंकवाला तर तीच पुढं. उखाणा तिचा पहिला, फुगडी तिची शेवटची. फुगडीत समोरची बाई दमून हात सोडायची, ही सोडायची नाही. भाऊ गेला आणि संक्रांत आली, तशी वैनी हळदीकुंकवाच्या दिवशी आपसूक स्वयंपाकघरात गेली. तिळगूळ वळला, कपबश्या विसळल्या, बाहेर आली नाही. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ये म्हणूनही कुणी म्हटलं नाही. बाहेर बायका हसत होत्या आणि आत ही तीच तीच कपबशी पुसत बसली होती.

आता मी विधुर. बायकोचं तेरावं झालं आणि पुढच्याच महिन्यात मला एका लग्नाला नेऊन पहिल्या रांगेत बसवलं, डोक्याला फेटा बांधला, अक्षता हातात दिल्या. मला कुणी आत जाऊन कपबश्या पुस म्हणालं नाही. फेटा बांधून घेताना मला वैनी आठवली आणि असा राग आला, की फेटा बांधणारा म्हणाला, "काका, मान सैल सोडा की जरा!"

ते असो.

बायकोला ती संक्रांत लागली होती. ती बोलायची नाही, भांडी आपटायची. भांड्यांवरनं मला कळायचं. एकदा म्हणाली, "फुडल्या साली आक्का भाईर बसल्या न्हाईत, तर मी बी हळदीकुंकू करत न्हाय." थोरल्या जावेला ती आक्का म्हणायची.

मी म्हटलं, "बसा म्हण की मग."

"म्हटलं. त्या म्हणत्यात, मला कोण काय देणार, आन मी कुणाला काय देणार? बायकाबी कुजबुजणार. जबरदस्तीनं बसवून आक्कांना खाली मान घालाय लावू व्हय?"

पुढची संक्रांत तोंडावर आली आणि याचं उत्तर माडीवरनं आलं.

मॅडमना जेवताना बोलायची सवय होती. त्यांचा अभ्यासच त्या कणांचा. भाकरी मोडता मोडता सांगायच्या, की पृथ्वी म्हणजे आतनं एक मोठं लोहचुंबक आहे. सूर्यातनं आणि त्याच्याही पलीकडनं, फार लांबनं, विजेचा भार असलेले कण सतत येत असतात. पृथ्वीचं चुंबक त्यातल्या बऱ्याच जणांना बाजूला वळवतं. काही जण त्याच्यात अडकतात आणि पृथ्वीभोवती पट्ट्यात फिरत बसतात. आणि जे अंगात फारच जोर घेऊन आलेले असतात, ते हवेवर येऊन आदळतात, फुटतात, आणि त्यांचे तुकडे खाली आपल्यापर्यंत पोचतात.

"अडकल्यात ते कसं फिरत्यात?" बायकोनं विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीत फिरायचं कसं, ते आधी कळायला हवं असायचं.

मॅडम म्हणाल्या, "गोल गोल गिरक्या घेत उत्तरेकडं जातात, तिथनं परत उलटे फिरत दक्षिणेकडं येतात. आणि हे चालू असताना सगळेच हळूहळू बाजूला सरकत पृथ्वीला प्रदक्षिणाही घालतात."

बायको हात धुऊन उठली आणि वैनीचे दोन्ही हात धरले. "आक्का, उठा."

"काय गं, जेवतोय मी!"

"उठा म्हणतो न्हवं!"

आणि दोघी फुगडी घालत घालत चुलीकडच्या भिंतीपासनं मोरीपर्यंत गेल्या, मोरीपासनं परत चुलीपर्यंत आल्या, आणि तसं करता करता मॅडमच्या ताटाभोवती सरकत निघाल्या. वैनीच्या पायानं तांब्या उडाला. मॅडम ताट उचलून भिंतीला चिकटल्या आणि ओरडल्या, "असंच! अगदी असंच!" दोघींना कमी-अधिक पन्नाशी आलेली. बायको हसून हसून खाली बसली, वैनी धापा टाकत म्हणाली, "ह्यातनं सुटायचं कसं पर?" मॅडम म्हणाल्या, "सुटतात कधीकधी. धक्का बसला की." आणि वैनी तांब्या उचलून पाणी पुसायला लागली.

त्यानंतर बायकोनं मॅडमना विचारलं, खाली येतात ते तुकडे कुणाकुणावर पडतात?

"सगळ्यांवर. आत्ता या छपरातनं, तुमच्या-माझ्या अंगातनं आरपार चाललेत."

"कुणालाबी वगळत न्हाईत?"

"कसे वगळतील?"

"आन दिसत्यात?"

"ते नाही, त्यांची वाट दिसते. पेटी करता येते तशी. मी शिकत असताना एकदा बघितली होती."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिचं ते बघणं मला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासनं तसं बघून तिनं माझ्याकडनं बरंच काही करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं जाहीर केलं. यंदा रथसप्तमीला हळदीकुंकू, सूर्याचाच दिवस, आणि वाण सूर्याकडचं आणि त्याच्या पलीकडचं. वाटी न्हाय, गाळणी न्हाय. आभाळातले कण, प्रत्येकीला डोळ्यांनी दाखवणार. आणि हे वाण कुणी कुणाला द्यायचं नाही, ते वरनं पडतंय, तेव्हा आमच्या आक्काबी पुढं बसणार. ज्येला जमंल त्येनं यावं.

नळावर जे झालं ते मला कारखान्यात पोचायच्या आधी कळलं. तालमीमागल्या काकू होत्या, गल्लीत हळदीकुंकवाचं काय चालतं आणि काय चालत नाही ते त्या ठरवायच्या. त्या म्हणाल्या, "कण? गव्हाचं का ज्वारीचं?" दुसरी म्हणाली, "गाळणी घेऊन येतो बाई, कण गाळून न्यायला." आणि काकूंनी शेवटचं सांगितलं, "दाव. दिसलं तर तुझी जाऊ फुडं बसूंदे, मी काय बोलत न्हाय. न्हाय दिसलं तर ह्यो इषय परत काढायचा न्हाय."

बायको म्हणाली, "चालतंय की!"

वैनीला हे कळलं तेव्हा ती बायकोवर अशी ओरडली, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "माझ्या नावानं पैज लावतीस व्हय गं? न्हाय दिसलं म्हंजे? नळावर तोंड कुठं घालू?" आणि आतनं कडी घातली.

तर असं झालं. दिसलं तर वैनी बाहेर, नाही दिसलं तर कायमची आत.

पेटी अवघड नव्हती. मासे ठेवतात ती काचेची टाकी उलटी करायची. आत वरच्या अंगाला स्पिरिटमध्ये भिजवलेला घोंगड्याचा तुकडा चिकटवायचा. खाली काळा रंग दिलेला पत्रा. पत्र्याच्या खाली बर्फ. वरनं स्पिरिटची वाफ उतरते, खाली थंडीनं गारठते, धुकं होतं, आणि त्या धुक्यातनं कण गेला की त्याच्या मागं पांढरी रेघ उमटते. पण बर्फ साधा चालत नाही. सुका लागतो. जो वितळून पाणी होत नाही, नुसता उडून जातो.

मॅडमनी पुण्यातनं मागवला. थर्मोकोलच्या खोक्यातनं एसटीनं आला. आम्ही तिघं स्टँडवर गेलो. मॅडमनी तिथंच दोरी सोडली. खोकं आतनं गारेगार होतं आणि रिकामं होतं. बायको त्यात हात घालून चाचपडत होती. पार्सलवाला म्हणाला, "काय हुतं ओ ह्यात?" बायको म्हणाली, "बर्फ." तो म्हणाला, "मग पाणी तरी पाहिजे की! कुणी प्यालं काय?"

मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. मी विचारलं, हा सुका बर्फ म्हणजे नक्की कसला? त्यांनी वायूचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "अवो, हे तर आमच्यातलंच!"

कोअर शॉपला आम्ही वाळूत सिलिकेटचा चिकट रस कालवून साच्यात ठोकतो आणि वरनं तोच गॅस सोडतो, की वाळू दगडासारखी होते. दिवसभर तेच. आणि गॅसचा बाटला कधी आडवा-उलटा झाला की नळीच्या तोंडाला पांढरा भुगा जमतो, हात लागला की चटका बसतो. आम्ही तो एकमेकांच्या शर्टात टाकायचो. त्या भुग्याला बाहेर नाव आहे आणि तो पुण्यातनं मागवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

फोरमनला विचारलं. फोरमन माझ्यापेक्षा वयानं मोठा, चिडका, पण माणूस सरळ. म्हटलं, थोडा गॅस पाहिजे, घरी न्यायला.

"कशाला?"

"बायकोचं हळदीकुंकू हाय."

त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला.

मग सगळं सांगितलं. कण, चुंबक, वैनी, काकूंची पैज. तो ऐकत गेला, विडी विझली तरी त्याला कळलं नाही. शेवटी म्हणाला, "बाटला उलटा टांगाय लागंल. तोंडाला जाडी कापडी पिशवी बांध. आन एक अट हाय."

"बोला."

"माझ्या मंडळीलाबी बोलव. तिला दिसलं का न्हाय ते मला घरी येऊन सांगूंदे. तुझ्यावर माझा इश्वास न्हाय."

पहिल्या खेपेला मी मूर्खपणा केला. पिशवीतला भुगा जेवणाच्या डब्यात दाबून भरला, झाकण घट्ट लावलं, कडी अडकवली. मोपेडच्या हँडलला डबा अडकवून निघालो. पंचगंगेच्या पुलावर आलो आणि बंदुकीसारखा आवाज झाला. झाकण कठड्यावरनं नदीत. डब्यातनं धुराचे लोट. मागनं ट्रकवाला ओरडला, "पावणं, डबा जळालाय तुमचा!" मी थांबलो, तर धूर माझ्या पायांवरनं रस्त्यावर सांडत चाललेला. एक सायकलवाला हात जोडून गेला. घरी पोचलो तेव्हा बायकोनं झाकणाचं विचारलं, बर्फाचं नाही. डबा तिच्या माहेरचा होता.

भुगा वाटेतच उडून गेला, त्यामुळं आधी करून बघायचं राहिलं. रथसप्तमीलाच काय ते.

त्या दिवशी मी फौंड्रीतनं पिशवी वाकळेत गुंडाळून आणली, तोंड सैल ठेवून. बायकोनं पुढच्या खोलीच्या खिडक्यांना घरातल्या सगळ्या वाकळा लावल्या होत्या. दुपारी खोलीत काळोख. मधोमध मोठी परात, परातीत भुगा, वर काळा पत्रा, पत्र्यावर उलटी टाकी. कडेची फट बायकोनं भिजवलेल्या कणकेनं बुजवली होती. मॅडम बॅटरी धरून बसल्या होत्या. मी आत, चुलीपाशी. हळदीकुंकवात पुरुषाचं काम नाही. म्हणजे आत आम्ही दोघं, मी आणि वैनी. ती कपबश्या पुसत होती. मी दाराच्या फटीला डोळा लावला.

"दिसतंय काय?" वैनी म्हणाली.

"न्हाय अजून."

"मला काय करायचंय म्हणा," आणि कपबशी पुसत माझ्या मागं येऊन उभी राहिली.

बायका आल्या. काळोख बघून हसायला लागल्या. "काय गं, सिनेमा हाय काय?" "माझ्या पायावर कोण बसलंय?" फोरमनची मंडळी आली, तिला नवऱ्यानं सगळं घोकून पाठवलं होतं, ती प्रत्येकीला सांगत होती की बर्फ आमच्या कारखान्याचा. काकू आल्या, सगळ्यांत पुढं पाटावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हं. दाव."

मॅडम म्हणाल्या, "जरा वेळ लागेल. धुकं बसायला पाहिजे."

धुकं बसत होतं. मला फटीतनं पत्र्यावर बारीक पाऊस पडतोय असं दिसत होतं. बायको टाकीवर अशी वाकली होती, की तिच्या नाकाचा काचेला ठिपका उठला. मॅडम पुटपुटल्या, "आता. आता कुठल्याही क्षणी."

आणि काकू उठल्या. काकूंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही सांगीन. घरात नवी वस्तू आली, तिला हळदकुंकू लागलं नाही, हे त्यांना बघवेना. "पूजा न्हाय केली काय गं हिची? असं कसं दिसंल मग?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी टाकी उचलली, बाजूला ठेवली, आणि काळ्या पत्र्यावर हळद, कुंकू, वर चार अक्षता आणि एक तिळगूळ ठेवला. नमस्कार केला.

धुकं गेलं.

मग एक बाई हसली, आणि मग सगळी खोली हसली. मागनं कुणीतरी म्हणालं, "झालं बाई दर्शन! निघतो मी, दूध तापवायचं हाय." दुसरी उठली. बायकोनं पत्रा पुसायला हात घातला, तर बोट चिकटलं, ती कळवळली. कुंकू ओलं होऊन पत्राभर पसरलं.

माझ्या खांद्याला धक्का बसला. वैनी मला बाजूला सारून दारातनं बाहेर गेली होती. हातात पुसायचा फडका.

"सरका! कसला राडा केलाय ह्यो! तिळगूळ काय कणांनी खायाचाय? सरक गं! आन तू खाली बस, दूध काय पळून चाललंय?"

घाण दिसली की वैनीला दुसरं काही दिसत नसे. तिनं फडका स्पिरिटमध्ये बुडवला, पत्रा स्वच्छ केला, अक्षता वेचल्या, तिळगूळ काकूंच्या हातात परत दिला. मॅडमनी घोंगडं पुन्हा भिजवलं. टाकी जाग्यावर. कणीक वैनीनं स्वतः दाबली, करंजीची कड दाबावी तशी. मग मॅडमच्या हातातली बॅटरी घेतली. "हात कापतोय तुमचा. कुठनं धरू? हितनं?" आणि मांडी घालून बसली. बायकांच्या मधोमध. आपण कुठं आलोय ते तिला कळलं नव्हतं.

मी परातीकडं बघत होतो. भुगा कडेनं आत आत सरकत होता. तो संपला की सगळं संपलं.

दूध तापवायला निघालेली ती दूधवालीही बसली होती, वैनीनं दटावल्यावर उठायची कुणाची टाप नव्हती. धुकं पुन्हा उतरायला लागलं. काहीच नाही. अजूनही काही नाही. काकूंनी घसा खाकरला.

आणि वैनी ओरडली, "ग्येली!"

"काय?"

"शेवई! आत्ता हितनं ग्येली की! ही लांब, पांढरी!"

"कुठं गं?"

"आता काय धरून ठिवू व्हय? बग तिकडं, ही बग दुसरी!"

मग सगळ्यांनाच दिसायला लागलं. मीही बघितलं. मी दार उघडून बाहेर आलो होतो आणि मला कुणी हाकललं नाही. काळ्या पत्र्यावर, धुक्यात, कुठूनशी एक बारीक पांढरी रेघ एकदम ओढली जायची आणि विरून जायची. इकडनं, तिकडनं, कुठनंही. कुणी हात लावत नव्हतं, कुणी काही टाकत नव्हतं, आणि रेघा येतच होत्या. बायका एकमेकींच्या मांडीवर चढल्या. लांब सरळ गेली की वैनी ओरडायची, "शेवई!" वेडीवाकडी वळत गेली की, "कुरडई!" आणि एखादी जाड, आखूड उठली की, "गवारीची शेंग!" मॅडम सांगायला लागल्या की जाड असते ती आभाळातली नसते, इथल्याच हवेतली असते, पण कुणी ऐकत नव्हतं. मॅचला गोल झाल्यासारखा कल्ला चालला होता. फोरमनच्या मंडळीनं एकदम किंकाळी फोडली, "माज्या हातातनं आली! हात हितं हुता, आन तितनंच आली!" आणि सगळ्यांनी टाकीभोवती हात धरले. कुणाच्या हातातनं येते ते बघायला.

दूधवालीनं विचारलं, "बाई, ही कुठनं येती म्हणालासा?"

मॅडम म्हणाल्या, "फार लांबनं. वाटेत पृथ्वीच्या चुंबकानं अडवूनसुद्धा आलेली."

"एवढ्या लांबनं येऊन लगीच जाती?"

"आगं, च्या तरी घेऊन जा म्हणावं!" माझी बायको म्हणाली आणि तिलाच तिचं हसू आवरेना.

या हसण्यात काकूंना आठवलं, की आपण हळदीकुंकवाला आलोय. त्यांनी ताट उचललं. एकेकीला हळदकुंकू लावत निघाल्या. त्या लावत होत्या आणि बायका टाकीकडं बघत कपाळ पुढं करत होत्या, त्यामुळं कुणाच्या नाकाला लागलं, कुणाच्या भुवईला. असं करत करत काकू वैनीच्या पुढं आल्या आणि थांबल्या.

तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना टाकीकडनं तिकडं वळल्या. बायकोनं माझा शर्ट मागनं धरला. काकूंच्या बोटावर कुंकू होतं आणि बोट हवेत होतं. पुढं जावं की मागं, त्यांचं त्यांनाही कळत नसावं. बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला असं कुणी कधी अडकवलं नव्हतं.

वैनीनं वर बघितलंच नाही.

"काकू, सरका की वाईच," ती म्हणाली. "अंधार पाडलाईसा माझ्याफुडं. हितली एक चुकली माझी!"

काकू सरकल्या. सरकल्या आणि तिथंच, वैनीला खेटून, खाली बसल्या. ताट मांडीवर. थोड्या वेळानं मला त्यांचा आवाज ऐकू आला, "ती कुरडई काय गं?" आणि वैनीचा, "छ्या! शेवई ती. डोळं कुठं हैत तुमचं!"

बायको मला ओढत आत घेऊन गेली. चुलीपाशी ती भिंतीला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की मला वाटलं हिला काहीतरी झालं. डोळ्यांतनं पाणी, बोटाला फोड. मी म्हटलं, "बोट दाव." ती म्हणाली, "बोट मरूंदे. बर्फ किती हाय?"

मी म्हटलं, "परातीत हाय तेवढाच. संपतोय."

"आन मग आक्का उठतील!"

बाहेरनं वैनीचा आवाज आला. तोच, गच्चीवरचा. "अवो भावजी! धुकं विरळ व्हाय लागलंय! तुमचा ह्यो बर्फ संपला तर म्होरं काय?"

मी विचार केला नाही. पिशवी उचलली, वाकळ खिडकीचीच ओढून घेतली, तसा खोलीत ऊन शिरलं आणि बायका माझ्यावर ओरडल्या. वैनीनं तिथल्या तिथं एकीला उठवून तिचा पदर खिडकीला धरायला लावलं. मी मोपेड काढली. गल्लीच्या तोंडाशी तालमीतले लोक उभे होते, म्हणाले, "काय ओ, आत कसला दंगा चाललाय? कोण जिंकलं?"

"अजून मॅच चालू हाय!" मी म्हटलं आणि शिरोलीच्या रस्त्याला लागलो. पुलावर वारा असा, की वाकळ माझ्या पाठीवर फुगून उडत होती, आणि मी एकटाच मोठ्यानं हसत चाललो होतो. डोक्यावर ऊन होतं. म्हटलं, माझ्यातनंही आत्ता चालले असतील. लांबनं आलेले, कुणालाही न वगळणारे. फोरमन फाटकातच उभा होता. मला बघितल्यावर त्यानं काही विचारलं नाही. बाटला त्यानं आधीच उलटा टांगून ठेवला होता.

मी परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात चपला होत्या तेवढ्याच होत्या. एकही बाई घरी गेली नव्हती.